आठ नंबरचा घाम

धुलाईखान्याच्या मागच्या खोलीत, छताच्या लोखंडी तुळईला, वजनाचा एक मोठा काटा टांगलेला होता. वर घड्याळासारखी गोल तबकडी आणि खाली वाकडा हुक. बाहेरून येणारं प्रत्येक गाठोडं आधी त्या हुकाला लटकायचं आणि मगच मशीनकडे जायचं. मशीनचं पोट ठरलेलं होतं. त्यात दोन किलो जास्त कोंबले की ते आधी थरथरायचं, मग कण्हायचं आणि शेवटी जागा सोडून चालायला लागायचं. एकदा तर ते असं चालत दारापर्यंत गेलं होतं आणि रुसून निघालेल्या पाहुण्याला अडवावं तसा मालक त्याच्या पुढे हात पसरून उभा राहिला होता.

त्या काट्याखाली अठ्ठावीस वर्षं एकच बाई उभी होती. बुटकी, रुंद मनगटांची, ओल्या फरशीवर सावकाश पण कधी न घसरता चालणारी. तिला सगळे काटेमावशी म्हणायचे. गाठोडं हातात आलं की ती डोळे मिटायची, मनाशी एक वजन धरायची आणि मग हुकाला लावून पाहायची. शंभर ग्रॅमपलीकडे तिचा अंदाज क्वचितच चुके, आणि चुकला तर तिला दिवसभर करमत नसे.

एवढ्यावर तिचं समाधान झालं असतं तर ही गोष्ट झालीच नसती. तिला खोड होती. धुऊन वाळलेला कपडा ती पुन्हा तोलायची. आधीच्या वजनातून नंतरचं वजा केलं की माणसाने त्या कपड्यात काय सोडलं होतं ते उरायचं. गिरणीवाल्याच्या सदऱ्यातून पीठ जायचं, गवंड्याच्या पॅन्टमधून सिमेंट, स्वयंपाक्याच्या एप्रनमधून तेल. पाटीवर खडूने ती हे आकडे लिहायची आणि संध्याकाळी पुसून टाकायची. कशासाठी, असं कुणी विचारलं तर म्हणायची, "बघायला." एवढंच.

त्या धुलाईखान्यात एक नियम होता आणि तो मालकाच्याही आधीपासूनचा होता. कपड्यात जे दिसेल ते दाराबाहेर न्यायचं नाही. कपड्यांत काय दिसत नाही? कुणाच्या खिशात दुसऱ्याच घरची किल्ली, कुणाच्या उशीला रोजचे अश्रू, कुणाच्या बाहीवर लपवलेलं रक्त. अठ्ठावीस वर्षांत तिने यातलं अक्षर नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. तो चिडवायचा, "तुझ्या पोटात अख्खं गाव धुतलं जातं, पण बाहेर फेससुद्धा येत नाही."

नवरा दिवसभर घरीच असायचा. पूर्वी तो डांबरी रस्त्यांच्या कामावर होता. अकरा वर्षांपूर्वी एका दुपारी खडीचं घमेलं डोक्यावर घेऊन निघाला आणि चार पावलांवर कोसळला. शुद्धीवर यायला त्याला दोन दिवस लागले. दवाखान्यातून त्याचे कपडे मावशीच्या हाती आले तेव्हा सवयीने तिने ते तोलले होते. भर उन्हात सहा तास राबलेल्या माणसाचा सदरा कोरडा होता. नुसत्या मिठाने ताठ झालेला. तो आकडा मात्र तिने पाटीवरून पुसला तरी डोक्यातून पुसला गेला नाही.

तेव्हापासून त्याला उकाडा सोसत नव्हता. ऊन वर आलं की तो बादलीभर पाण्यात पाय सोडून बसायचा आणि धुलाईखान्यातल्या शर्टांची तुटलेली बटणं लावत रेडिओ ऐकायचा. लोक त्याला बादलीवाला म्हणत. त्याला त्याचा राग नव्हता. "राजाला सिंहासन असतं," तो म्हणायचा, "मला बादली आहे."

त्या वर्षी गावात फुटबॉलची मोठी स्पर्धा आली. देशोदेशीचे संघ उतरले. ऋतू असा, की हवा ओल्या गोधडीसारखी अंगावर पडलेली. खाडीवरून येणारा वाराही आंघोळ करून आल्यासारखा ओला. घाम यायचा, पण वाळायचा नाही. दोन संघांचे कपडे धुण्याचं काम या धुलाईखान्याकडे आलं. एक संघ उन्हाळी मुलखातला होता. दुसरा अशा देशातला, की जिथे म्हणे वर्षातले सहा महिने नळातलं पाणी गोठतं. मावशीने त्यांना थंडीवाले नाव देऊन टाकलं. योगायोग असा, की मावशीच्या धाकट्या बहिणीची मुलगी त्यांची भाषा शिकली होती, आणि दुभाषी म्हणून तिची नेमणूक त्याच संघाबरोबर झाली.

थंडीवाल्यांचे कपडे सांभाळणारा माणूस साठीचा, उंच आणि इतका सडपातळ होता, की मालकाने पहिल्याच दिवशी त्याचं नाव शिडी ठेवलं. शिडी कामाला पक्का. प्रत्येक खेळाडूची जर्सी मैदानावरच वेगळ्या पिशवीत घालायचा, तोंड घट्ट बांधायचा आणि वर नंबर लिहायचा. खेळाडूंना परक्या जागी झोप लागावी म्हणून त्यांनी चादरी आणि उशांचे अभ्रेही घरून आणले होते. त्यांच्याही कोपऱ्यात नंबर शिवलेला.

पहिल्या सरावाच्या पिशव्या आल्या तेव्हा मावशीने साबणाची पूड मोजायचा छोटा काटा काढला. कोरडी जर्सी एकशे साठ ग्रॅमची. उन्हाळी संघाच्या जर्सी चारशेच्या घरात निघाल्या, पिळल्या तर धार लागावी अशा. थंडीवाल्यांच्या मात्र अडीचशेच्या आतबाहेर, आणि त्यांच्या निळ्या कापडावर काखेपासून कमरेपर्यंत पांढऱ्या रेघा उमटलेल्या.

तिला नवल वाटलं. ज्यांना उन्हाची सवय नाही ते जास्त घामाघूम व्हायला हवेत. इथे उलटंच. तिने पांढऱ्या रेघेवर बोट फिरवलं आणि जिभेला लावलं.

संध्याकाळी घरी तिने हे सांगितलं, कारण नियम कपड्यांतल्या गुपितांचा होता, आणि घाम काही गुपित नव्हे, असं तिने स्वतःला समजावलं होतं.

"परक्या पुरुषाचा घाम चाटून आलीस?" नवरा म्हणाला.

"चाटला नाही. बोट लावलं."

"आमच्या घामाला कधी बोट लावलं नाहीस ते."

"तुमचा न लावताच कळायचा. फाटकापासून."

तो हसला, बादलीतले पाय हलवले आणि मग थोडा गंभीर झाला. "अगं, बरोबर आहे ते. मी डांबरावर नवा होतो तेव्हा मलाही नीट घाम येत नव्हता. तोंड नुसतं तापलेल्या तव्यासारखं. जो यायचा तो खारट, डोळ्यांत गेला की आग. दहाबारा दिवसांनी घाम लवकर सुटायला लागला आणि पाण्यासारखा झाला. मुकादम म्हणायचा, आता अंग शिकलं."

"अंग शिकतं?"

"शिकतं की. शाळेत आम्ही नाही शिकलो, पण अंग हुशार."

मावशीला एवढं पुरेसं होतं. दुसऱ्या दिवसापासून तिने पाटीवरचं पुसणं बंद केलं. एका बाजूला नंबर, समोर रोजचं वजन, आणि रेघ दाट की पुसट त्याची खूण. शाळेची पायरी दोनच वर्षं चढलेली ही बाई अकरा परदेशी शरीरं शिकताना बघत होती. दोनशे चाळीस, दोनशे साठ, तीनशे. पांढऱ्या रेघा फिक्या होत चालल्या. नवव्या दिवशी सगळे साडेतीनशेच्या वर गेले. सर्वांत जास्त आठ नंबर, तीनशे नव्वद. भाचीने सांगितलं, तो त्यांचा कप्तान. चौतीस वर्षांचा. ही त्याची शेवटची स्पर्धा.

"पोरगं मेहनती आहे," मावशी म्हणाली. चौतीस वर्षांचा माणूस तिला पोरगंच होता.

ती आणखी एक गोष्ट करत होती. रोज दुपारी दोन वाजता एक ओला रुमाल सावलीत खिडकीच्या गजावर टाकायची आणि तो किती वेळात वाळतो ते पाहायची. दोरीवर कपडा वाळत नसेल तर माणूसही वाळत नसणार, आणि घाम वाळला नाही तर अंग गार कसं होणार, असं तिचं साधं गणित. कोरड्या दिवसांत अर्ध्या तासात खडखडीत होणारा रुमाल या दिवसांत दोन तासांनीही चिकटच लागायचा.

पहिला सामना थंडीवाल्यांनी उन्हाळी संघाशीच खेळला आणि तो बरोबरीत सुटला. बादलीवाल्याने रेडिओवर ऐकला, मावशीने जर्सीत. संध्याकाळी दोघांचा वाद.

"चार नंबर काय धावला," तो म्हणाला. "समालोचक नुसतं त्याचंच नाव घेत होता."

"चार नंबर उभा होता. पाठ कोरडी आहे त्याची."

"तू मैदानावर होतीस?"

"मैदानच माझ्याकडे येतं."

पण त्यानंतर आठ नंबरचं काहीतरी बिनसलं. बाकीचे चारशेकडे चढत होते. तो उतरत होता. तीनशे चाळीस. दोनशे नव्वद. दोनशे पन्नास. पांढरी रेघ पुन्हा दाट. दुसरा सामना थंडीवाल्यांनी जिंकला आणि त्या दिवशी त्याची जर्सी दोनशे साठ भरली. शिवाय खांद्यांवर पाण्याचे ओघळ होते, म्हणजे डोक्यावर ओतून घेतलेलं पाणीही त्यातच. घाम त्याहून कमी.

"जिंकल्यावर कामचुकार झाला," मावशी म्हणाली.

नवऱ्याने सुई थांबवली. "कोण, आठ नंबर? अगं, रेडिओवाला म्हणत होता की इतकं धावणारा माणूस त्याने या स्पर्धेत पाहिला नाही. या टोकाकडून त्या टोकाला. शेवटी शेवटी तर झोकांड्या खात होता म्हणे, तरी थांबेना."

मावशी मनातल्या मनात पाटीवरचे आकडे पुन्हा मोजू लागली. आता दोन्ही गोष्टी खऱ्या कशा असतील? धावणारा माणूस कोरडा कसा राहील?

तिने एकेक शक्यता उलगडून पाहिली. मध्यंतरात जर्सी बदलत असेल? भाचीकरवी शिडीला विचारलं. नाही, एकच. पिशवीचं तोंड सैल राहत असेल? पाहिलं, गाठ घट्ट. काटा बिघडला असेल? साबणाचा बंद पुडा ठेवून तपासला, काटा बरोबर. सरावात दांडी मारत असेल? भाची म्हणाली, "मावशी, तो सगळ्यांच्या आधी जातो आणि सगळ्यांच्या नंतर येतो." मालकाने ही चौकशी ऐकली आणि म्हणाला, "मावशी, पाहुण्यांच्या घामाचा पंचनामा करायला ठेवलंय का तुम्हाला? आपण धुवायचं. वाचायचं नाही."

उत्तर मिळालं ते तिसऱ्या सामन्याच्या दोन दिवस आधी, आणि जर्सीच्या गाठोड्यात नाही. सकाळी चादरी आल्या. चादरींचं तिला कधी विशेष वाटलं नव्हतं, त्या ढिगानेच तोलल्या जायच्या. पण ढिगातून एक उचलताना तिचं मनगट थबकलं. मनगटाला जे कळतं ते डोक्याला उशिरा कळतं. कोरडी चादर पाचशे ग्रॅमची. ही आठशे वीस भरली. अभ्रा वेगळा तोलला, तोही जड, आणि वाळलेल्या कडेवर तीच पांढरी रेघ. कोपऱ्यात शिवलेला नंबर आठ.

हरवलेला घाम सापडला होता. दुपारी मैदानात यायला हवा तो अंथरुणात येत होता. थंडगार खोलीत झोपलेला माणूस असा भिजतो तो एकाच गोष्टीने, आणि ते सांगायला कुठल्या काट्याची गरज नव्हती. त्याला ताप होता. रोज रात्री चढत होता, घाम येऊन उतरत होता, आणि उरलेलं सुकं अंग घेऊन तो दुपारी मैदानावर जात होता.

मावशी पाटीसमोर स्टुलावर बसली. परवाचा सामना दुपारी दोनला होता. हरले तर थंडीवाले घरी जाणार होते. म्हणजे तो जीव तोडून धावणार. खिडकीतला कालचा रुमाल अजून दमट होता. आणि तिच्या डोळ्यांपुढे एक सदरा उभा राहिला, मिठाने ताठ झालेला, अकरा वर्षांपूर्वीचा.

सांगावं तर नियम मोडतो. अठ्ठावीस वर्षं ज्याच्या जोरावर गाव आपली गाठोडी निर्धास्त तिच्या हाती देत आलं, तो नियम. न सांगावं तर? त्या दिवशी नवऱ्याच्या बाजूला कुणी काटेवाली असती तर तिने गप्प बसावं, असं आपल्याला वाटलं असतं का?

बऱ्याच वेळाने तिला वाट सुचली. कपड्यातलं दाराबाहेर न्यायचं नाही, असा नियम होता. दाराच्या आत कपड्यांच्याच माणसाला दाखवू नये, असं कुणी म्हटलं नव्हतं.

दुपारी शिडी पिशव्या घेऊन आला तेव्हा भाची सोबत होती. मावशीने भाचीला बोलू दिलं नाही. तिने शिडीचा हात धरून त्याला मागच्या खोलीत नेलं. छोट्या काट्यावर आधी पाच नंबरची चादर ठेवली. काटा पाचशे तीसवर. मग अकरा नंबरची. तेवढाच. मग आठ नंबरची. काटा पुढे सरकला, सरकतच गेला. मग तिने पाटी उचलून त्याच्या हातात दिली आणि आठच्या ओळीवर बोट फिरवलं, वर चढलेलं आणि खाली उतरलेलं.

शिडीने पाटी उजेडाकडे धरून ती ओळ दोनदा पाहिली. मग जवळच्या उलट्या बादलीवर बसला. एवढा उंच माणूस बसला की घडी घातल्यासारखा दिसतो.

तो हळूहळू काहीतरी बोलला. भाचीने सांगितलं, "म्हणतोय, मला ताप माहीत होता. त्यानेच शपथ घातली होती. गोळ्या मीच आणून दिल्या. मला वाटलं, थोडा आहे."

"आणि डॉक्टर? त्यांचे डॉक्टर काय करतात?"

"डॉक्टर रोज खेळाडूंचं वजन घेतात, मावशी. सरावाआधी आणि नंतर. किती पाणी गेलं ते बघायला."

मावशीचे डोळे चमकले. आपल्यासारखंच काम करणारं कुणी जगात आहे, हे तिला आवडलं. "मग सापडला कसा नाही?"

शिडीने ऐकलं आणि मान खाली घातली. रात्रीतून घटलेलं वजन झाकायला आठ नंबर काट्यावर चढायच्या आधी दोन बाटल्या पाणी घटाघटा पिऊन जायचा. वजन बरोबर यायचं.

"काट्याला फसवलं," मावशी म्हणाली. रागाने नाही. काटाही फसतो हे तिला आजच कळलं होतं आणि ती त्याचा विचार करत होती. "जर्सीला फसवायचं त्याच्या लक्षात आलं नाही. कुणी तोलतंय हेच ठाऊक नव्हतं ना."

दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन चढायच्या आत, शिडी त्याला घेऊन आला. आठ नंबर दारातून वाकून आत आला. पिंगट दाढी, खोल गेलेले डोळे, ओठांना भेगा. मालक बाहेर मोजे जोडायच्या निमित्ताने दाराला चिकटून उभा राहिला. मावशीचा नवराही तिथेच होता. बटणं लावलेले शर्ट द्यायला तो सकाळच्या गारव्यात यायचा आणि खळबळायच्या टाकीत पाय सोडून बसायचा.

आठ नंबर भाचीकडे न बघता थेट मावशीशी बोलला. भाची मागोमाग सांगत गेली.

"विचारतोय, मला तोलणारी बाई तूच का?"

"मी कपडे तोलते. माणूस आत असतो त्याला मी काय करू?"

भाचीने हे सांगितलं तेव्हा त्याच्या ओठांचा कोपरा हलला. मग तो पुन्हा बोलला, या वेळी हळू.

"म्हणतोय, शिडीकाका आज डॉक्टरांना सांगणार आहेत. तू म्हण की तुझी चूक झाली. चादरींची अदलाबदल झाली. उद्याचा एवढा सामना खेळू दे. नव्वद मिनिटं. सोळा वर्षं मी या देशासाठी खेळतोय आणि ही नव्वद मिनिटं गेली तर परत मिळणार नाहीत."

मावशीने त्याच्याकडे पाहिलं. रागवायचं तिच्या मनात नव्हतं. "रात्री थंडी वाजते का रे तुला?"

भाचीने सांगताच त्याने भेगाळलेल्या ओठांवरून जीभ फिरवली.

"पहाटे जीभ टाळूला चिकटते?"

त्याने भाचीकडे पाहिलं, जणू हे तिनेच पढवलं असावं.

तेवढ्यात टाकीवरून आवाज आला. "त्याला विचार, घमेलं उचललंय का कधी?"

"काका, त्याला घमेलं कसं सांगू?" भाची म्हणाली.

"लोखंडाचं ताट सांग. खडी भरलेलं." बादलीवाला पाण्यातून पाय न काढता त्याच्याकडे वळला. "त्या दिवशी मला चक्कर येत होती. शेजारचा म्हणाला, बस जरा. मी म्हणालो, एवढं एक घमेलं टाकतो आणि बसतो. एक. त्याला सांग, एकच म्हणालो होतो. घाम थांबला होता, मला वाटलं, बरं झालं, डोळ्यांत तरी जात नाही. त्याला अकरा वर्षं झाली. आता दुपारी मी माझ्या नातवाला कडेवर घेऊन दारातही उभा राहू शकत नाही. एका घमेल्यापायी."

भाचीने सगळं सांगितलं. आठ नंबर त्या पाण्यातल्या पायांकडे बघत राहिला. मग त्याने काही विचारलं.

"विचारतोय, तो रस्ता पूर्ण झाला का?"

"झाला की. माझ्यावाचून झाला," बादलीवाला म्हणाला. "आता सगळा उखडलाय, ते सोड."

भाचीने सांगितलं तेव्हा आठ नंबर हसला आणि हसता हसताच त्याने तोंड फिरवलं. शिडी त्याच्या पाठीवर हात ठेवून उभा होता. मग आठ नंबर पाटीजवळ गेला, आपल्या ओळीवर बोट ठेवून एकेक आकडा वाचला, तीनशे नव्वदवर थांबला आणि त्यावर दोनदा टिचकी मारली. आपण आता त्या आकड्याचे उरलो नाही, हे त्याला मान्य होतं. मग तो आणि शिडी बाहेर पडले.

दुपारी भाचीचा निरोप आला. डॉक्टरांनी तपासलं होतं. ताप होताच, आणि अंगातलं पाणी आटलेलं. डॉक्टर असंही म्हणाले होते, की उन्हाने कोसळणारा प्रत्येक माणूस कोरडा नसतो, चिंब भिजलेलेही कोसळतात, म्हणून नुसत्या जर्सीवर कुणी विसंबू नये. पण तापाने सुकलेलं अंग घेऊन या हवेत कुणाला उतरवणं नाही.

मावशीने हे लक्ष देऊन ऐकलं. "चिंब भिजलेलेही? मग ते कसं ओळखायचं?" तिने विचारलं. भाचीला ते ठाऊक नव्हतं. मावशी तो प्रश्न बराच वेळ मनात घोळवत राहिली.

सामन्याच्या दुपारी रुमाल अडीच तासांतही वाळला नाही. रेडिओवर समालोचक आठ नंबर का नाही म्हणून हळहळत होता. सामन्याच्या दोन्ही अर्ध्यांत पाणी प्यायला खेळ थांबवत होते, खेळाडू बर्फाचे टॉवेल मानेवर टाकत होते. दोघे जण पायात गोळे येऊन आडवे झाले. थंडीवाले शेवटच्या दहा मिनिटांत एका गोलाने हरले. बादलीवाल्याने रेडिओ बंद केला आणि बायको घरी आल्यावर एवढंच म्हणाला, "तो असता तर कदाचित."

"कदाचित," ती म्हणाली. दोघांनीही तो शब्द तिथेच ठेवला.

पिशव्या आल्या त्यांत आठ नंबरची पिशवीही होती. तिला आश्चर्य वाटलं. न खेळलेल्याची जर्सी धुवायला कशाला? तिने तोलली. दोनशे दहा. मीठ नाही. पाठ कोरडी, काखा कोरड्या आणि समोर छातीवर, दोन्ही बाजूंना, हाताएवढे ओले पट्टे. तिने जर्सी उजेडात धरली, पुन्हा पाहिली आणि मग तिला दिसलं. त्याने नव्वद मिनिटं गार पाण्याच्या बाटल्या छातीशी कवटाळून रेघेबाहेरून आपल्या माणसांना पुरवल्या होत्या. तिने तो आकडा पाटीवर त्याच्या ओळीत शेवटी लिहिला.

थंडीवाले गेले. जाताना शिडी आला, हुकाखाली उभा राहिला आणि गमतीने हुकाला धरून लोंबकळला. मावशीने डोळे मिटून सांगितलं, "एकाहत्तर." काटा बाहत्तर दाखवत होता. तिने भाचीला विचारायला लावलं, "तुमच्याकडे थंडीत खेळतात तेव्हा जर्सी किती भरते?" शिडीने खांदे उडवले. त्याने कधी तोलली नव्हती.

मालक तिला काही बोलला नाही. फक्त दुसऱ्या दिवशी तिच्या स्टुलाशेजारी नव्या खडूंची डबी ठेवलेली होती.

तीन महिने गेले. हवा कोरडी झाली, रुमाल पुन्हा अर्ध्या तासात वाळू लागला. एका सकाळी भाची धुलाईखान्यात आली. हातात फोन, त्यावर शिडीने पाठवलेला एक फोटो. खिडकीबाहेर बर्फाच्या कडा असलेलं मैदान, आत खोलीच्या खिळ्याला टांगलेला नवाकोरा छोटा काटा आणि त्याला लटकलेली निळी जर्सी, आठ नंबरची. खाली फक्त एक आकडा लिहिलेला. तीनशे तीस.

"म्हणजे खेळतोय," भाची म्हणाली. "देशाकडून नाही. त्याच्या गावच्या संघाकडून."

मावशीने फोटो जवळ घेतला, लांब धरला, पुन्हा जवळ घेतला. तिचे डोळे भरून आले होते, पण तिने ते पदराला कळू दिलं नाही. पाटीवरची ती ओळ तिने अजून पुसली नव्हती. दोनशे दहाच्या पुढे जागा होती तिथे तिने तीनशे तीस लिहिलं आणि मागे सरकून पाहिलं.

"बर्फात तीनशे तीस," ती म्हणाली. "बरा आहे." मग थोडं थांबून भाचीकडे वळली. "पण पांढरी रेघ दाट होती की पुसट, ते कळवलं नाही. विचार त्याला."